रक्तदाब आणि मेंदूंतील ठिणग्या

(नभोवाणीवरील भाषण)

रक्तदाब हा शब्द आतां आपल्या घराघरांत इतका रुळला आहे कीं, त्याचा मूळ अर्थच मागें पडत चालला आहे. मुलगा उशिरां घरीं आला, स्वयंपाकघरांत भांडें पडलें, किंवा शेजाऱ्यानें दारांत गाडी उभी केली, म्हणजे 'माझें बी. पी. वाढवूं नका' असें वडील मंडळी सहज बोलून जातात. या बोलण्यांत एक समजूत दडलेली आहे. ती अशी कीं, रक्तदाब म्हणजे राग, आणि राग निवळला म्हणजे रक्तदाबहि निवळतो. याच्या अगदीं उलट समजूत बाळगणारेहि लोक आहेत. रक्तदाब हा केवळ हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा विकार आहे, मेंदूचा त्याच्याशीं कांहीं एक संबंध नाहीं, असें ते म्हणतात. या दोन्ही समजुतींत थोडें सत्य आणि पुष्कळ असत्य आहे. मेंदूचा रक्तदाबाशीं निकटचा संबंध आहे. परंतु तो वरवरच्या रागलोभाचा नव्हे, तर त्याहून कितीतरी खोल, पेशींच्या आंत चालणाऱ्या एका रासायनिक घडामोडीचा आहे. श्रोतेहो, त्या घडामोडीविषयीं आज आपणांशीं थोडें बोलावयाचें आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा आहे, असें मात्र कोणी समजूं नये. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या पांचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, आपल्या देशांतील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा २१.३ आणि पुरुषांपैकीं शेंकडा २४ जणांचा रक्तदाब वाढलेला तरी आढळला, किंवा तो ताब्यांत ठेवण्यासाठीं तीं माणसें औषध तरी घेत होतीं. म्हणजे चार-पांच माणसांत एक. नांदेड जिल्ह्यांतील हदगांवासारख्या तालुक्याच्या गांवीं बाजाराच्या दिवशीं जी गर्दी लोटते, तिच्याकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे प्रश्नाचा विस्तार ध्यानांत येतो. या माणसांपैकीं पुष्कळांना आपल्या विकाराची वार्ताहि नसते. कारण वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं, ताप आणीत नाहीं. तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें रक्तवाहिन्यांच्या भिंती झिजवितो, आणि एके दिवशीं पक्षाघाताच्या रूपानें बोलतो. त्या दिवशीं घड्याळ फार निष्ठुर होतें. मेंदूंतील रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें; आणि हदगांवाहून नांदेडचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारें साठ किलोमीटर दूर आहे. तेव्हां त्या दिवसाची वाट न पाहतां, दाब वाढतो कसा आणि तो आवरावा कसा, हें अगोदरच समजून घेणें शहाणपणाचें ठरतें.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय आकुंचन पावलें म्हणजे रक्त रोहिण्यांत जोरानें ढकललें जातें व रोहिणीच्या भिंतीवर दाब पडतो. हा दाब मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें केला. त्यानें एका घोडीच्या रोहिणींत नळी बसवून कांचेच्या उभ्या नळींत रक्त किती उंच चढतें तें पाहिलें, आणि १७३३ सालीं तें प्रसिद्ध केलें. माणसांवर असा प्रयोग करणें शक्य नव्हतें. १८९६ सालीं इटलींतील रीव्हा-रोची यांनीं दंडाला बांधावयाची हवेची पट्टी काढली, आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोटकोव्ह यांनीं त्या पट्टीखालीं श्रवणनलिका ठेवून आवाजावरून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ओळखण्याची रीत दाखविली. आज डॉक्टर जे दोन आंकडे सांगतात, त्यांपैकीं पहिला हृदय आकुंचन पावतांनाचा व दुसरा तें सैलावतांनाचा. १२० व ८० च्या आसपासचे आंकडे निरोगी मानतात. १४० व ९० किंवा त्याहून अधिक आंकडे पुनःपुन्हां दिसूं लागले, म्हणजे विकार जडला असें आपल्याकडील वैद्यकशास्त्र समजतें.

आतां हा दाब कमी-अधिक करणारा कोण? शेतांतील पाण्याचें उदाहरण घेतलें तर तीन गोष्टी दिसतील. पंप किती जोरानें चालतो, नळी किती अरुंद आहे, आणि विहिरींत पाणी किती आहे. शरीरांत पंपाच्या ठिकाणीं हृदय आहे, नळीच्या ठिकाणीं बारीक रोहिण्या आहेत, आणि पाण्याचा सांठा संभाळण्याचें काम मूत्रपिंडें करतात. परंतु या तिघांवर देखरेख ठेवणारा एक कारभारी आहे, आणि तो मेंदूच्या तळाशीं, मान जेथें मस्तकाला मिळते त्याच्या किंचित् वर, लंबमज्जा नांवाच्या भागांत बसलेला आहे. मानेंतील मोठ्या रोहिण्यांत दाब ओळखणारे ज्ञानतंतु असतात. ते क्षणोक्षणीं या कारभाऱ्याकडे बातमी पोंचवितात. आपण निजलेले असतां एकदम उठून उभे राहिलों, तरी भोंवळ येऊन पडत नाहीं, याचें श्रेय त्यालाच आहे. दाब घसरतांच तो विशिष्ट ज्ञानतंतूंच्या द्वारें हृदयाला वेग वाढविण्याची, रोहिण्यांना आखडण्याची आणि मूत्रपिंडांना मीठ व पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देतो. या तंतूंना अनुकंपी तंतु म्हणतात. कारभारी शुद्धीवर असला म्हणजे हें सारें यथास्थित चालतें. परंतु गरज नसतांहि तो अहोरात्र आज्ञा सोडीत राहिला तर? तर हृदय थकतें, रोहिण्या आखडलेल्याच राहतात, आणि दाब चढतो तो चढतोच.

कारभाऱ्याच्या या अतिरेकी आज्ञा रोखल्या असतां रक्तदाब उतरतो, याचा एक मोठा पुरावा आपल्या मुंबईंतून जगाला मिळाला, हें फार थोड्या लोकांना ठाऊक असतें. सर्पगंधा नांवाची एक लहानशी वनस्पति आपल्या देशांत प्राचीन काळापासून उन्मादावर व निद्रानाशावर वापरली जात असे. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं, हिच्या मुळ्यांनीं उन्माद शमतो आणि वाढलेला रक्तदाबहि उतरतो, असें वैद्यकीय मासिकांत लिहिलें. त्याच वर्षीं दिल्लींत सलीमुझ्झमां सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्यानें या मुळ्यांतून निरनिराळे क्षार वेगळे काढले. परंतु पाश्चात्य वैद्यकानें त्याची म्हणावी तशी दखल घेतली नाहीं. ती घ्यावयास लावली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशीं संबंध असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं. त्यांनीं पन्नास रोग्यांवर या औषधाचा पद्धतशीर अनुभव घेऊन तो १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेंतहि त्याची परीक्षा झाली. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें मुळींतील 'रिसर्पीन' हें मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. आणि १९५७ सालीं डॉ. वकील यांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक देण्यांत आलें.

रिसर्पीन करतें काय? अनुकंपी तंतु आपली आज्ञा नॉरअॅड्रिनलीन नांवाच्या द्रव्याच्या द्वारें पुढें पोंचवितात. हें द्रव्य तंतूंच्या टोंकाशीं सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेलें असतें. रिसर्पीन त्या पिशव्या भरूंच देत नाहीं. सांठा संपतो, आज्ञा दुबळी होते, रोहिण्या सैल पडतात आणि दाब उतरतो. हें कार्य मेंदूंत व मेंदूबाहेर दोन्हीकडे घडतें, म्हणूनच एकच मुळी उन्मादावर आणि रक्तदाबावरहि लागू पडली. परंतु त्याच कारणानें मोठ्या मात्रेंत ती कित्येकांच्या मनाला खिन्नतेची बाधाहि करी. आज अधिक सुरक्षित औषधें उपलब्ध झाल्यामुळें रिसर्पीनचा वापर क्वचितच होतो, आणि सर्पगंधेची मुळी स्वतःच्या मतानें उगाळून घेणें तर सर्वस्वी अयोग्य होय. तथापि एक गोष्ट या औषधाच्या नांवावर कायमची जमा आहे. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १९६७ सालीं एक कसोटी पुरी झाली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकीं निम्म्यांना रिसर्पीन व आणखी दोन औषधें दिलीं, आणि निम्म्यांना औषधाविना गोळ्या दिल्या. औषधाविना राहिलेल्यांत २७ जणांवर गंभीर आपत्ति ओढवली. औषध घेणाऱ्यांत केवळ दोघांवर. वाढलेला रक्तदाब उतरविल्यानें माणूस वांचतो, हें यामुळें निर्विवाद ठरलें.

येथवर कारभारी अतिरेक करतो हें कळलें. पण तो तसा कां करतो? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आणखी एका द्रव्याची ओळख करून घेतली पाहिजे. १८९८ सालीं स्वीडनमध्यें टिगरस्टेट व बर्गमन यांना सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कांत दाब वाढविणारें द्रव्य आढळलें. त्याला त्यांनीं रेनिन असें नांव दिलें. पुढें १९४० च्या सुमारास अर्जेंटिना व अमेरिका येथील संशोधकांना कळून आलें कीं, रेनिन स्वतः कांहीं करीत नाहीं. तें रक्तांत दुसरें एक द्रव्य उत्पन्न करवितें. त्याला आज अँजिओटेन्सिन म्हणतात. हें रोहिण्या आखडवितें हें तर खरेंच. पण तें मेंदूलाहि चेतवितें. मेंदूभोंवतीं एक प्रकारची तटबंदी असून रक्तांतील पुष्कळशा द्रव्यांना ती आंत येऊं देत नाहीं. तथापि या तटाला दोन-चार खिडक्या ठेवलेल्या आहेत. त्यांपैकीं एक 'सबफॉर्निकल ऑर्गन' या नांवाचा मोहरीएवढाहि नसलेला भाग होय. रक्तांतील अँजिओटेन्सिन येथें पेशींना स्पर्श करतें, आणि त्या पेशींची बातमी तंतूंच्या मार्गानें लंबमज्जेंतील कारभाऱ्यापर्यंत जाते. माणसाला तहान लागते, मीठ राखलें जातें, आणि दाब वाढतो. रक्तस्राव झालेल्या माणसाचे प्राण या योजनेमुळें वांचतात. पण तीच योजना विनाकारण चालूं राहिली म्हणजे विकार होते.

आतां आपण विषयाच्या गाभ्याशीं आलों. अँजिओटेन्सिननें पेशीला स्पर्श केल्यावर पेशीच्या आंत नेमकें काय घडतें? येथें ठिणग्यांचा संबंध येतो. चुलींत लांकूड जळतें तेव्हां उष्णता मिळते, पण मधूनमधून ठिणग्याहि उडतात. आपल्या पेशी अन्न जाळतात तें प्राणवायूच्या साहाय्यानें. हें ज्वलन मंद व शिस्तीचें असतें, तरी त्यांत प्राणवायूचे कांहीं अर्धवट, चवताळलेले कण उत्पन्न होतातच. त्यांपैकीं प्रमुख कणाला सुपरऑक्साईड म्हणतात. तो ज्याला स्पर्श करील त्याचें स्वरूप पालटतो. चरबीचीं आवरणें, प्रथिनें, आनुवंशिक द्रव्य, कांहींहि त्याच्या तडाख्यांतून सुटत नाहीं. निसर्गानें त्यावर पहारेकरी नेमले आहेत. १९६९ सालीं अमेरिकेंतील मॅक्कॉर्ड व फ्रिडोविच यांनीं यांतील एका पहारेकऱ्याचें कार्य ओळखलें. त्याचें नांव सुपरऑक्साईड डिस्म्युटेज. तो या कणांचें रूपांतर सौम्यतर पदार्थांत करतो. ठिणग्या आणि पहारेकरी यांचा तोल संभाळला जातो तोंवर ठीक. ठिणग्या अधिक आणि पहारेकरी अपुरे झाले, म्हणजे जी अवस्था येते तिला शास्त्रज्ञ 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात; आपण तिला प्राणवायूच्या कणांचा ताण म्हणूं. हा ताण म्हणजे मनाचा ताण नव्हे. शब्द एकच असल्यामुळें गोंधळ होतो, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

मेंदूला या ताणाची भीति विशेष. शरीराच्या वजनांत मेंदूचा वांटा शेंकडा दोन; पण शरीर घेतें त्या प्राणवायूपैकीं शेंकडा वीसच्या आसपास तो एकटा वापरतो. शिवाय त्याच्या पेशींच्या आवरणांत चटकन् बिघडणारी चरबी भरपूर असते. मोठी चूल आणि भोंवतीं गवताची गंजी, अशी ही स्थिति आहे. परंतु येथें एक सूक्ष्म भेद लक्षांत ठेवला पाहिजे. या ठिणग्या नेहमींच अपघातानें उडतात असें नाहीं. पेशीच्या आवरणांत एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारें प्रथिन असतें. तें मुद्दाम सुपरऑक्साईड तयार करतें. अँजिओटेन्सिनचा निरोप पेशीच्या आंत पोंचविण्याचें काम हेच कण करतात. म्हणजे योग्य प्रमाणांत ते जासूद आहेत, आणि अति झाले कीं जाळपोळ करणारे दंगेखोर. त्यांत भर अशी कीं, मेंदूंत नायट्रिक ऑक्साईड नांवाचा एक वायु अल्प प्रमाणांत तयार होत असून तो अनुकंपी तंतूंना शांत ठेवण्याचें काम करतो. सुपरऑक्साईड या वायूला गांठून नष्ट करतो. अशा रीतीनें एकीकडे चिथावणी वाढते आणि दुसरीकडे समजूत घालणाराच नाहींसा होतो.

हें केवळ तर्कट नव्हे. अमेरिकेंतील आयोवा विश्वविद्यालयांत झिमरमन, डेव्हिसन व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर मोठे मार्मिक प्रयोग केले. त्यांनीं निरुपद्रवी केलेल्या विषाणूंच्या द्वारें उंदरांच्या मेंदूंत सुपरऑक्साईड डिस्म्युटेज या पहारेकऱ्याचें प्रमाण वाढविलें. मग मेंदूंत अँजिओटेन्सिन सोडलें, तरी एरवीं हटकून चढणारा दाब चढला नाहीं. हें त्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलें. २००४ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, पहारेकरी केवळ सबफॉर्निकल ऑर्गन या एका खिडकीशीं वाढविला, तरी शरीरांत अनेक दिवस सावकाश सोडलेल्या अँजिओटेन्सिनमुळें होणारी दाबाची वाढ टळते. त्याच वर्षीं जपानच्या क्यूशू विश्वविद्यालयांतील हिरोका व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, जन्मतःच रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ति असलेल्या उंदरांच्या लंबमज्जेंत, म्हणजे प्रत्यक्ष कारभाऱ्याच्या बैठकींत, या कणांचें प्रमाण वाढलेलें असतें असें सिद्ध केलें. आणि तेथें पहारेकरी वाढवितांच दाब उतरला. पुढें २००७ सालीं टोकियोच्या संशोधकांनीं मिठाचा धागा यांत जोडला. मीठ ज्यांना बाधतें अशा जातीच्या उंदरांना खारट अन्न दिलें असतां त्यांच्या मेंदूंत हा ताण वाढतो व अनुकंपी तंतु चेततात, असें त्यांना आढळलें.

येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. उंदरावरून माणसाविषयीं निर्णय करणें धाडसाचें आहे. माणसाच्या जिवंत मेंदूंत शिरून हे कण मोजतां येत नाहींत. तथापि स्वीडनमध्यें शोधलेल्या पद्धतीनें माणसाच्या पायांतील ज्ञानतंतूंत अत्यंत बारीक सुई घालून अनुकंपी आज्ञा ऐकतां येतात; आणि रक्तदाब वाढलेल्या पुष्कळ रोग्यांत त्या निरोगी माणसांहून अधिक दाट येतात, हें निश्चित झालें आहे. म्हणजे माणसाचा कारभारीहि अतिरेक करतो. त्या अतिरेकामागें मेंदूंतील ठिणग्या आहेत, हें अनुमान सबळ असलें तरी अद्याप अनुमानच आहे. शिवाय ठिणग्यांनीं दाब वाढतो तसाच वाढलेल्या दाबानेंहि ठिणग्या वाढतात. हें चक्र आहे; आणि प्रत्येक रोग्यांत तें कोठून फिरूं लागलें, हें सांगणें सोपें नाहीं. मूत्रपिंड, आनुवंशिकता, वाढलेलें वजन, वय, या सर्वांचे हात त्यांत आहेत.

हें वाचून वा ऐकून कोणाच्याहि मनांत असा विचार येईल कीं, रोग ठिणग्यांचा आहे, तर ठिणग्या विझविणारें औषध घ्यावें म्हणजे झालें. औषधांच्या दुकानांत अशा गोळ्यांच्या आकर्षक बाटल्या मांडलेल्या असतात. परंतु हा सरळ दिसणारा मार्ग फसवा ठरला आहे. इंग्लंडांत २०,५३६ माणसांवर पांच वर्षें झालेल्या एका मोठ्या कसोटींत अर्ध्या लोकांना रोज ई, सी आणि बीटा-कॅरोटीन हीं जीवनसत्त्वें भरपूर दिलीं. २००२ सालीं निष्कर्ष आला: हृदयविकार, पक्षाघात व मृत्यु यांपैकीं कशांतहि घट झाली नाहीं. त्यापूर्वीं फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या कसोटींत तर, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नीं अधिक आढळला. हें १९९४ सालचें वृत्त. असें कां व्हावें? एक तर पोटांत घेतलेलीं हीं द्रव्यें मेंदूच्या त्या नेमक्या पेशींत, नेमक्या क्षणीं पुरेशीं पोंचतात असें नाहीं. आणि दुसरें, आपण पाहिलेंच कीं हे कण जासूदहि आहेत. गांवांतील सर्वच जासूद पकडून ठेवले, तर दंगा मोडेल कीं कारभारच थांबेल?

हदगांव, वसमत या बाजूच्या श्रोत्यांना येथें हळदीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. पैनगंगेच्या खोऱ्यांत हळद मोठ्या प्रमाणावर पिकते, आणि हळदींतील कर्क्युमिन हें द्रव्य परीक्षानळींत या कणांना उत्तम रीतीनें शमवितें, हेंहि खरें. परंतु परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. कर्क्युमिन आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें शिरतें, आणि शिरलेलें यकृतांत लवकरच पालटून जातें. बंगळूर येथील संशोधकांनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, मिऱ्यांतील पिपरीन सोबत दिलें तर माणसाच्या रक्तांत तें सुमारें वीसपट अधिक मिळतें. पण मूळचें प्रमाणच इतकें अल्प कीं वीसपट होऊनहि तें थोडेंच भरतें. तेव्हां हळद आमटींत अवश्य असावी. तिच्या रंगावर, वासावर व गुणावर आमचा लोभ आहेच. मात्र डॉक्टरांची गोळी बंद करून तिच्या जागीं हळदीचें दूध सुरू करणें म्हणजे बांध फोडून त्यावर तुळस लावण्यासारखें आहे.

मग करावयाचें काय? ठिणग्या उडाल्यावर त्यांच्यामागें धांवण्यापेक्षां चुलींत लांकूड बेताचें घालावें, हें उत्तर. आणि या उत्तराचा पुरावा उंदरांचा नव्हे, माणसांचा आहे.

पहिली गोष्ट मीठ. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसाला दिवसाकाठीं पांच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढेंहि नाहीं, इतकें मीठ पुरेसें मानलें आहे. आपण त्याहून बरेंच अधिक खातों. ज्वारीच्या भाकरींत मीठ घालण्याची चाल बहुतेक घरीं नाहीं, हा मराठवाड्याच्या जेवणाचा मोठा गुण आहे. परंतु तिच्या शेजारीं लोणचें, पापड, ठेचा आणि खारे शेंगदाणे मांडून आपण तो गुण पुसून टाकतों. चीनमधील सहाशें खेड्यांत २०,९९५ माणसांवर एक कसोटी झाली. निम्म्या खेड्यांत नेहमींचें मीठ राहूं दिलें. निम्म्यांत मिठाचा चौथा हिस्सा काढून त्या जागीं पोटॅशियमचा क्षार घातला. २०२१ सालीं कळलें कीं, या साध्या पालटानें पक्षाघात शेंकडा १४ नीं कमी झाले. असें मीठ आपल्याकडेहि मिळतें. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं किंवा पोटॅशियम वाढविणारीं औषधें घेणाऱ्यांनीं तें डॉक्टरांना विचारल्याविना वापरूं नये.

दुसरी गोष्ट आहार. १९९७ सालीं अमेरिकेंत झालेल्या 'डॅश' नांवाच्या प्रयोगांत, भाज्या, फळें व कमी स्निग्धांशाचें दूध यांवर भर देणाऱ्या आहारानें, रक्तदाब वाढलेल्या लोकांचा वरचा दाब आठ आठवड्यांत सरासरीनें ११.४ नीं उतरला. हें एका गोळीएवढें काम झालें. ज्या जीवनसत्त्वांनीं बाटलींतून कांहीं केलें नाहीं, तींच ताटांतून इतर शेंकडों द्रव्यांच्या संगतींत आलीं असतां उपयोगी पडतात. तिसरी गोष्ट चालणें. नियमित व्यायामानें उंदरांच्या लंबमज्जेंतील ठिणग्या कमी होतात असें प्रयोगांत दिसलें आहे. माणसांचा दाब त्यानें उतरतो हें तर अनेक वेळां सिद्ध झालें आहे. चौथी गोष्ट तंबाखू. बिडी असो, सिगारेट असो, तिच्या प्रत्येक झुरक्यांत हे कण तयारच येतात. आणि पांचवी गोष्ट झोंप. जो माणूस मोठ्यानें घोरतो, मधूनच ज्याचा श्वास अडतो, त्याच्या रक्तांतील प्राणवायु रात्रभर कमी-जास्त होत राहतो, अनुकंपी तंतु चेतत राहतात, आणि सकाळीं दाब चढलेला मिळतो. अशा माणसाला त्याच्या घोरण्यावरून हंसण्यापेक्षां डॉक्टरकडे नेणें अधिक बरें.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट औषध. अँजिओटेन्सिन तयार होऊं न देणारीं किंवा त्याचा स्पर्श पेशीला होऊं न देणारीं औषधें आज सर्वत्र मिळतात. ठिणगी जेथें पडावयाची तेथेंच तीं आडवीं येतात. रोहिण्या सैल करणारीं व जास्तीचें मीठ लघवीवाटे काढणारीं औषधेंहि आहेत. यांपैकीं बरींचशीं स्वस्त आहेत व सरकारी दवाखान्यांत मिळतात. २०१७ सालीं सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमांत आपल्या राज्यांतील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे प्रथम घेतले गेले. त्या उपक्रमाचें सूत्र अगदीं साधें होतें: मोजा, ठरलेलें औषध द्या, आणि रोगी पुन्हां येतो कीं नाहीं याकडे लक्ष ठेवा. तिसरें कलम सर्वांत अवघड. कारण गोळीनें दाब उतरला कीं माणसाला वाटतें, आपण बरे झालों. आणि तो गोळी सोडतो. 'एकदा लागली कीं सुटत नाहीं' अशी गोळीची अपकीर्ति आहे. वस्तुतः गोळी चिकटत नाहीं. विकार चिकटलेला असतो. चष्मा काढल्यावर पुन्हां अंधुक दिसूं लागलें, तर आपण चष्म्याला दोष देत नाहीं.

मोजण्याविषयींहि दोन शब्द. दवाखान्याचा जिना चढून आल्याबरोबर, बोलतां बोलतां, किंवा चहा-तंबाखू घेऊन लगेच मोजलेला दाब खरा नसतो. पांच मिनिटें स्वस्थ, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसावें. दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. आणि थोड्या अंतरानें दोनदां मोजावें. तीस वर्षांवरील प्रत्येक माणसानें, कांहीं होत नसतांहि, वर्षांतून एकदां तरी हें करून घ्यावें. आणि घरांतील कोणाचें तोंड अचानक वांकडें झालें, एक हात उचलतां येईना, किंवा जीभ अडखळूं लागली, तर देवऋषी किंवा मालीश यांत घटका न घालवितां १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि लक्षण प्रथम केव्हां दिसलें ती वेळ टिपून ठेवावी. पुढचा उपचार त्या वेळेवर अवलंबून असतो.

श्रोतेहो, रक्तदाब हा रागाचा दुसरा अवतार नव्हे, आणि तो नुसत्या नळ्यांचा प्रश्नहि नव्हे. मस्तकाच्या तळाशीं बसलेला एक कारभारी प्राणवायूच्या अदृश्य ठिणग्यांनीं होरपळून भलत्या आज्ञा देऊं लागतो, हेंहि त्याचें एक कारण असावें, अशी आजच्या शास्त्राची दृष्टि आहे. उद्यां त्या ठिणग्यांवर नेमका नेम धरणारें औषध निघेल तर त्याचें स्वागतच होईल. पण तोंवर थांबण्याचें कारण नाहीं. सर्पगंधेच्या मुळीनें दाब कां उतरतो याचा पुरता उलगडा होण्यापूर्वींच मुंबईंतील रोग्यांना तिचा गुण आला होता. आपल्या हातीं आज त्याहून चांगलीं औषधें आहेत, मोजण्याचें यंत्र आहे, आणि ताटांतील मिठाची वाटी दूर सारण्याची मोकळीक तर प्रत्येकाला आहे. या आठवड्यांत आपल्या घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब एकदां मोजवून घ्यावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.